ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईचं रक्त: निघण्याआधी, फडात आणि परतल्यावर काय करायचं

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, धाराशिव आणि अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, काही सीमेपलीकडे कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. गरोदरपणाचे महिने नऊ आणि हंगामाचे पाच-सहा, त्यामुळे या टोळ्यांतल्या बऱ्याच जणींचं निम्मं गरोदरपण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातं. त्या काळात गावची आशा हाताशी नसते आणि नव्या गावच्या आशेच्या वहीत तिचं नाव नसतं. रक्तक्षय नेमका या फटीत वाढतो.

ही माहिती आशाताई, अंगणवाडीताई, टोळीतल्या जाणत्या बायका आणि गरोदर बाईचा नवरा व सासू यांच्यासाठी आहे. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांनाही ती बहुतांश लागू पडते.

आकडा कसा वाचायचा

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. ५ च्या खाली गेलं तर ते संकटच. हृदयावर इतका ताण येतो की बसल्या जागी धाप लागते आणि हृदय थकून जीव जाऊ शकतो. चौथ्या महिन्यापासून रक्तातलं पाणी वाढतं आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून आकडा थोडा खाली येतो. हे लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मधल्या तीन महिन्यांसाठी १०.५ ही रेघ सुचवली. कोपीत राहून काम करणाऱ्या बाईसाठी मात्र ११ धरूनच चालावं. तिच्याकडे शिल्लक म्हणून काही नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होतं. राज्याचा आकडा देशापेक्षा बरा दिसतो, पण सरासरीत शहरातली नोकरदार बाई आणि फडातली बाई एकत्र मोजलेली असते.

एका गरोदरपणाला एकूण साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळ आणि वार यांना, ५०० आईचं रक्त वाढवायला, उरलेलं रोजची झीज भरून काढायला. बाळंतपणात अर्धा लीटर रक्त गेलं तर सशक्त बाई सावरते. ६ हिमोग्लोबिनवर असलेल्या बाईला तेवढंच रक्त जाणं जिवावर बेततं. अपुऱ्या दिवसांचं आणि कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

कुणाकडे आधी बघायचं

टोळीत पाच-सात गरोदर बायका असतील तर सगळ्यांची तपासणी हवीच. तरी पुढच्या खुणा जिच्यात जास्त दिसतील तिच्याकडे आधी वळा.

अठरा-एकोणीसच्या आत लग्न होऊन दिवस गेलेली मुलगी. या भागात लग्नं लवकर होतात, कारण कोयता (तोडणीचा एकक) नवरा-बायकोच्या जोडीचा असतो आणि जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जास्त मिळते. तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते, त्यात पोटातलं बाळ वाटेकरी होतं. त्यानंतर जिचं आधीचं मूल दोन वर्षांच्या आतलं आहे आणि अजून अंगावर पितंय ती. आधीच्या बाळंतपणात किंवा गर्भपातात रक्तस्राव झालेली. पाळीला खूप अंगावर जात होतं अशी. जुळं असलेली. मशेरी लावणारी: तंबाखूची मशेरी लावणाऱ्या गरोदर बायकांत रक्तक्षय जास्त आढळतो, बाळाचं वजनही कमी भरतं, आणि मशेरीने भूक मरते ते कुणीही पाहू शकतं. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणारी बाई तर स्वतःहून सांगत असते की अंगात लोह नाही. तिला रागावू नका, तपासायला न्या.

शेवटची खूण गुपचूप असते. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी उरलेलं खाते ती. घरात विचारताना "काय खाते?" असं विचारलं तर "सगळं खाते" हेच उत्तर येतं. "काल रात्री कालवणात काय होतं आणि तुझ्या ताटात किती आलं?" असं विचारा.

डोळ्याची खालची पापणी ओढून, नखं, तळहात, जीभ बघून फिकेपणा ओळखायची सवय चांगली आहे, पण ती तीव्र रक्तक्षयालाच उपयोगी. ८-९ वर असलेली बाई दिसायला ठीकठाक असते, मोळीही उचलते. तिला आणि घरच्यांना वाटतं की काही झालेलं नाही. म्हणून तपासणीला पर्याय नाही.

बोट टोचून तपासणी: चूक कुठे होते

उपकेंद्रात आणि शिबिरात बहुधा डिजिटल यंत्रावर बोट टोचून हिमोग्लोबिन बघतात. यंत्र चांगलं असतं, घोळ थेंबात होतो. बाई गार पाण्यातून हात धुऊन आलेली असते, थेंब येत नाही, मग बोट पिळलं जातं. पिळल्यावर रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणी येतं आणि आकडा एक-दीड ग्रॅमने चुकू शकतो.

बरोबर पद्धत अशी. बाईला बसवा, हात खाली सोडायला सांगा, तळवे चोळून ऊब आणा. मधलं किंवा अनामिका बोट घ्या. स्पिरिटने पुसा आणि ते पूर्ण वाळू द्या, नाहीतर स्पिरिट थेंबात मिसळतं. बोटाच्या टोकाच्या मधोमध न टोचता किंचित कडेला, एकदाच, नीट खोल टोचा. ऊस तोडून कातडी जाड झालेली असते, भीत भीत टोचलं की पुन्हा टोचावं लागतं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका. दुसरा थेंब आपोआप फुगू द्या आणि एका दमात पट्टीला लावा, अर्धा लावून पुन्हा भर घालू नका. पट्ट्यांची डबी वापरून झाली की लगेच घट्ट बंद करा. दमट हवा लागलेल्या पट्ट्या खोटा आकडा देतात.

आकडा आणि तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहा. कार्डावर "एचबी नॉर्मल" असं लिहिलं तर पुढच्या गावच्या डॉक्टरला त्याचा काही उपयोग नाही.

शक्य असेल तिथे पहिल्या तपासणीत शिरेतून रक्त घेऊन पूर्ण रक्तगणना करून घ्या. त्यात एमसीव्ही म्हणून एक आकडा असतो, तो तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगतो. तो ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा (आनुवंशिक रक्तदोषाचा) वाहक, १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी. लोह आणि बी-१२/फॉलिक या दोन्ही कमतरता एकत्र असतील तर हा आकडा ८० ते १०० च्या मधे येऊन फसवतो, हेही डॉक्टरांना ठाऊक असतं. कुटुंब विदर्भातलं असेल किंवा नंदुरबार, पालघर, मेळघाटातल्या आदिवासी पाड्यांवरचं असेल, तर सिकलसेलची (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी पहिल्याच भेटीत हवी. सिकलसेलच्या रुग्ण बाईला फॉलिक ॲसिड लागतंच, पण लोह मात्र साठा तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यानेच द्यायचं. तिला आधी बरेचदा रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह उलट साठलेलं असू शकतं.

गाडी भरण्याआधीचे चार आठवडे

सगळ्यात जास्त काम इथे होतं, आणि इथे चुकलं तर पुढे फडात भरून काढता येत नाही. सप्टेंबर संपता संपता गावातल्या जाणाऱ्या जोड्यांची यादी करा. ज्या बायकांची पाळी चुकली आहे त्यांची त्याच आठवड्यात लघवीची तपासणी करा आणि बाराव्या आठवड्याच्या आत नोंद करा. पहिल्या तीन महिन्यांत ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड रोज. चौथा महिना लागला की लोह-फॉलिकची लाल गोळी: एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि ७ किंवा वर असेल तर रोज दोन.

आता साधा हिशेब करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघून एप्रिलअखेर परत, म्हणजे १८० दिवस. रोज एक गोळी धरली तर १० गोळ्यांच्या १८ पट्ट्या, रोज दोन धरल्या तर ३६ पट्ट्या. सोबत कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, म्हणजे आणखी ३६० गोळ्या. एका महिन्याच्या गोळ्या देऊन "पुढच्या महिन्यात ये" असं सांगणं स्थलांतर करणाऱ्या बाईला काहीच न देण्यासारखं आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना यादी दाखवून निदान तीन महिन्यांचा साठा मागा आणि उरलेला कुठे मिळेल ते ठरवा: टोळी ज्या गावाजवळ उतरणार त्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या म्होरक्याकडून) काढून कार्डावर लिहा. ते केंद्र परगावच्या बाईला सेवा द्यायला बांधील नाही अशी समजूत पुष्कळांची असते. ती चुकीची आहे. गरोदर बाई कुठल्याही गावची असली तरी सरकारी केंद्रात तपासणी, औषध, बाळंतपण, रक्त आणि वाहन मोफत मिळतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून ही तरतूद आहे.

चौथा महिना लागलेल्या प्रत्येकीला निघण्याआधी जंताची एक गोळी द्या: अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एकदाच. पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. फडात उघड्यावर शौच आणि अनवाणी वावर दोन्ही असतं, आणि अंकुशकृमी ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरून आतड्याला चिकटून रक्त पितो. म्हणून सामानात चपला-बूट आधी भरा, पातेली मागाहून.

गाठोड्यात कागद हे ठेवा: माता-बाल कार्ड आणि त्यावरचा आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदणीचा क्रमांक), रक्तगट, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक. रक्तगट कार्डावर ठळक अक्षरात लिहा. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळे धान्य उतरलेल्या गावच्या दुकानातूनही उचलता येतं, फक्त आधार जोडलेला हवा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच ट्रंकेत, कारण कोपीत दव पडतं.

या चार आठवड्यांत ज्या बाईचं हिमोग्लोबिन ९ च्या खाली आहे तिच्यासाठी एक वेगळा निर्णय असतो. गोळ्या देऊन तिला सहा महिन्यांसाठी सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोलून शिरेतून लोह देण्याचा विचार करा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. आणि ७ च्या खाली असेल तर तिने जाऊ नये. उचल घेतलेली असते, मुकादम तगादा लावतो, हे खरं आहे. तरी हे बोलणं बाईशी नव्हे, नवऱ्याशी आणि सासऱ्याशी करायचं. तिच्या जागी कोण जाईल हा प्रश्न घरात सोडवायचा, आणि ते डॉक्टरांनी स्वतः सांगितलं तर जास्त चालतं.

फडातल्या दिवसात गोळी कुठे बसवायची

बाई पहाटे तीन-चारला उठते. चूल, भाकरी, पोरांचं आवरणं, उजाडायच्या आत फड. अकरा-बाराला भाकरी. मग मोळ्या बांधणं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं. गाडी भरेपर्यंत रात्रही होते. अशा दिवसात "जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर" हे सांगून उपयोग नाही, तिच्या दिवसातल्या ठरलेल्या जागा शोधाव्या लागतात.

कॅल्शियमच्या दोन्ही गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या: एक सकाळच्या भाकरीबरोबर, दुसरी दुपारच्या. लोह रात्री, अंथरुणावर पडताना. मळमळ झोपेत निघून जाते आणि कॅल्शियमपासून अंतरही राहतं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास हवेत, कारण एकत्र घेतले की कॅल्शियम लोह शोषू देत नाही. रोज दोन गोळ्या लागणारीने दुसरी तिन्हीसांजेच्या आधी, चारच्या सुमाराला घ्यावी. दोन्ही एकदम घेतल्या की पोट बिघडतं आणि मग दोन्ही बंद होतात.

चहा गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको. फडात भूक मारायला चहा घेतला जातो, तो पूर्ण तोडायला सांगितला तर कुणी ऐकत नाही. एवढंच सांगा की भाकरीबरोबर पाणी, चहा मागाहून. जळजळीसाठी दुकानातून आणलेली पित्ताची पातळ औषधं किंवा गोळ्याही लोहाचं शोषण कमी करतात. त्या घेत असेल तर डॉक्टरांना सांगा.

गोळी सुरू झाली की शौचाला काळं होतं. ते रक्त नाही, न शोषलेलं लोह आहे, आणि हे आधीच सांगितलं नाही तर पहिल्या आठवड्यात गोळ्या उकिरड्यावर जातात. खरा अडसर बद्धकोष्ठाचा. कोपीजवळ संडास नसतो, दिवसा आडोसा नसतो, म्हणून बाई पाणीच कमी पिते. पाणी कमी आणि वर लोह, मग मळ खड्यासारखा होतो, मूळव्याधीचं रक्त जातं आणि त्या रक्ताबरोबर लोहही जातं. दोष गोळीला दिला जातो. उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो: दोन-तीन जणींनी मिळून पहाटे आणि रात्री जायची सोय करावी आणि दिवसभर फडात घागर सोबत ठेवावी. पालेभाजी रोज. तरीही सुटत नसेल तर दोनऐवजी एक गोळी चालू ठेवा, पूर्ण बंद करू नका, आणि डॉक्टरांना गोळी बदलून मागा.

औषध ठेवायचं कुठे, हेही ठरवून द्या. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि तो कोपीच्या आडव्या बांबूला उंच टांगलेला. गोळ्या लाल आणि गोड आवरणाच्या असतात, आणि आई-बाप फडात गेले की कोपीत लहान मुलंच उरतात. दहा किलो वजनाच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. चार-पाच खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा. सुरुवातीच्या उलट्या थांबून मूल काही तास बरं दिसतं आणि मग एकदम ढासळतं.

खाण्यातून किती मिळतं

बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून त्यांनी रक्त वाढतं, हा समज सगळीकडे आहे. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमच्याही आत असतं, डाळिंबात त्याहून कमी. गुळाचंही तसंच. उसाच्या पट्ट्यात गुळाला तोटा नाही, पण २० ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम लोह मिळतं, आणि लाल गोळीत ६० असतं. गूळ खाऊ नका असं नाही, गुळावर भिस्त ठेवू नका. महागडं डाळिंब आणायला सांगून गरीब घराचे पैसे खर्च करणं तर मुळीच बरोबर नाही. त्या पैशात अंडी येतात.

चालेल असं खाणं फडातही मिळतं. बाजरीची भाकरी. मोड आलेली मटकी किंवा हुलगे: मोड आणल्याने त्यातली लोह अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात, आणि मोड आणायला ओलं फडकं पुरतं. शेवग्याचा पाला, राजगिरा, चवळीचा पाला, अंबाडी, बांधावरची घोळ. या भाज्या लोखंडी कढईत करा. अंबाडीसारखी किंवा टोमॅटो-चिंच घातलेली आंबट भाजी लोखंडात शिजली की भाजीत लोह उतरतं. ताटात अर्धं लिंबू पिळायचंच, नसेल तर पेरू किंवा आवळा. आवळा-पेरूचे दिवस आणि हंगाम एकाच वेळी येतात ही सोयच आहे. मांसाहार चालत असेल तर सुकट, जवळा, अंडी, कधी मटण. मांसातलं आणि मासळीतलं लोह अंगाला सहज लागतं आणि सोबतच्या डाळ-भाजीतलंही ओढून घेतं. काळीज मात्र रोज नको, पहिल्या तीन महिन्यांत तर टाळावंच, त्यात 'अ' जीवनसत्त्व फार असतं.

उतरलेल्या गावच्या अंगणवाडीत कार्ड दाखवून पोषण आहार मागा. घरी नेला तर तो सगळ्यांच्या ताटात वाटला जातो, म्हणून अंगणवाडीताईने तिथेच थोडा खायला बसवलं तर जास्त लागू पडतं.

महिन्यानंतर पुन्हा टोचायचं

गोळी नीट पोटात जात असेल तर एका महिन्यात हिमोग्लोबिन सुमारे १ ग्रॅमने चढतं. ही तपासणी चुकवली जाते, कारण एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे दंड, लागतो. म्हणून ती आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा महिन्याच्या ९ तारखेला बसवा. दर ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची डॉक्टर मोफत तपासणी करतात. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा.

एक ग्रॅम चढलं नाही तर पहिला प्रश्न गोळ्यांचा. "घेतेस का?" असं विचारू नका, पट्ट्या आणायला सांगा आणि रिकामी घरं मोजा. तीस दिवसांत तीसऐवजी बारा घरं रिकामी असतील तर कारण कळलं. पट्ट्या रिकाम्या आहेत आणि तरी आकडा हलत नाही, तर कारण दुसरं आहे: जंत, मूळव्याध, लघवीचा संसर्ग, मलेरिया, बी-१२ची कमतरता, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल. आता गोळ्या वाढवून काही होणार नाही, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. दूध-अंडी-मांस क्वचितच पोटात जाणाऱ्या बाईत बी-१२ कमी असणं फार सापडतं, आणि ते असेल तर इंजेक्शनने भरून काढतात.

शिरेतून लोह केव्हा

गोळी सोसत नाही, दिवस भरत आले आहेत, आकडा ७ च्या खाली आहे, किंवा बाई महिनाभरात अशा ठिकाणी जाणार जिथे पाठपुरावा होणार नाही: ही चार कारणं. पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत. किती द्यायचं ते डॉक्टर वजनावरून काढतात: गरोदर होण्याआधीचं वजन गुणिले हवं असलेलं आणि आत्ताचं हिमोग्लोबिन यांतला फरक, गुणिले २.४, आणि साठ्यासाठी वर ५००. ४५ किलोची बाई ७ वर असेल आणि ११ वर न्यायची असेल तर ४५ × ४ × २.४ = ४३२, अधिक ५००, म्हणजे ९३२ मिलिग्रॅम.

आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम सलाईनमधून, दिवसाआड देतात. म्हणजे पाच फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज वजनाप्रमाणे एका वेळी १००० पर्यंत देता येतं, म्हणजे एक किंवा दोन फेऱ्यांत काम होतं. टोळी पंधरा दिवसांत निघणार असेल तर हा फरक निर्णायक आहे, आणि रुग्णालयात ते उपलब्ध आहे का हे आशाताईने आधी फोन करून विचारावं. पाच फेऱ्यांतली दोन घेऊन बाई निघून जाते, असं फार वेळा होतं. सलाईन संपल्यावर अर्धा तास तिथेच बसवा. अंगाला खाज, छातीत दडपण, चक्कर वाटली तर लगेच सांगायचं. हे रुग्णालयातच व्हायला हवं, खोलीत सलाईन लावून देणाऱ्याकडे नाही. शिरेतून दिलं तरी आकडा चढायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून नवव्या महिन्यात ६ वर असलेल्या बाईला बहुधा रक्तच चढवावं लागतं. शेवटच्या तीन महिन्यांत ७ च्या खाली, किंवा कुठल्याही महिन्यात ५ च्या खाली असेल तर भरती करायचं, घरी ठेवायचं नाही.

बसल्या जागी धाप, रात्री उशी उंच केल्याशिवाय झोप न येणं, छातीत धडधड, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणं: यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पत्ता सांगताना "फडात" म्हणू नका, गावाचं नाव, साखर कारखान्याचं नाव आणि जवळची डांबरी सडक सांगा. टोळीतल्या एका माणसाने बॅटरी घेऊन सडकेवर उभं राहायचं.

बाळंतपण आणि त्यानंतर

आठवा महिना लागायच्या आत ठरवा: गावी की इथेच. हिमोग्लोबिन ९ च्या खाली असेल तर जिथे रक्त मिळतं आणि सिझेरियन होतं अशा रुग्णालयातच. कोपीतलं बाळंतपण नको आणि उपकेंद्रही नको. गाडीखर्चाचे पैसे वेगळे बांधून ठेवा आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांची नावं कार्डामागे लिहा, निगेटिव्ह गट असेल तर हे आणखी आधी. रक्तक्षय असलेल्या बाईला वार पडण्याआधीच, बाळ बाहेर येताच गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन मिळायला हवं. बाळ रडत असेल तर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापावी, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि त्याचा लोहाचा साठा वाढतो.

बाळंतपणानंतर गोळ्या थांबतात, हे सर्रास घडतं. पोट रिकामं झालं, आता कशाला, असं घरचे म्हणतात. पण गेलेलं रक्त आत्ताच भरायचं असतं, म्हणून आणखी १८० दिवस रोज एक, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोट टोचून तपासणी.

पुढचं गरोदरपण निदान दोन वर्षं लांबवा. तांबी बसवली की काही जणींना पाळीला जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरं साधन निवडा. सरकारी केंद्रात मोफत मिळणारं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं, अंगावर पाजणारीला सहा आठवड्यांनंतर चालतं, आणि पुढच्या हंगामाला निघताना एक घेतलं तर अर्धा हंगाम निघतो. दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहून द्या. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि सातवा महिना लागला की लोहाचं पातळ औषध आठवड्यातून दोनदा, एका वेळी १ मिली. आईचं रक्त कमी असलेल्या बाळाचा साठा मुळात अपुरा असतो, त्यामुळे या बाटलीचं नाव पुढच्या हंगामाच्या गाठोड्याच्या यादीत घालून ठेवा.